ऋतू, चंद्राच्या कला आणि ग्रहणं: आकृती मापात काढून पाहूया

धागाकर्ता: तारांगणी

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते, आणि चंद्र तिच्याभोवती फिरतो. एवढं सगळ्यांनाच शाळेपासून पाठ असतं. त्यापुढचा प्रश्न विचारला की मात्र गाडी अडते. उन्हाळा का येतो? तर म्हणे पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ असते. चंद्राची कोर का होते? पृथ्वीची सावली पडते म्हणून. बरं, मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? इथे सगळे गप्प. चांगली शिकलेली, हुशार माणसं ही उत्तरं देतात. माझं ठाम मत आहे की याचं मूळ पुस्तकातल्या आकृत्यांत आहे. वाक्य विसरलं जातं, चित्र डोक्यात राहतं, आणि ते चित्र मापात काढलेलं नसतं. म्हणून या धाग्यात आपण शक्य तिथे माप घेऊन बोलूया.

आधी ऋतू. पुस्तकात पृथ्वीची कक्षा चांगली लांबुळकी काढतात, कारण ती तिरक्या बाजूने पाहिल्यासारखी दाखवायची असते. बघणाऱ्याला वाटतं कक्षाच तशी आहे. आता कंपासने ३० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. पृथ्वीची खरी कक्षा त्या मापात काढली तर तिच्या लांबीत आणि रुंदीत मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाही फरक येणार नाही. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. सूर्य तेवढा बरोबर मध्यावर नसतो, या मापात अडीच मिलिमीटर बाजूला असतो. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर.

म्हणजे जवळ येते ती जानेवारीत. तेव्हा उत्तर गोलार्धात ऐन हिवाळा असतो आणि दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा. अंतरावरून ऋतू ठरत असते तर दोन्ही गोलार्धांत उन्हाळा एकाच वेळी आला असता.

ऋतू होतात ते आसामुळे. पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या पातळीवर सरळ उभा नाही, उभ्या रेषेपासून सुमारे २३.४ अंश कललेला आहे. आणि वर्षभरात त्याचा रोख बदलत नाही, हा यातला कळीचा मुद्दा. जूनमध्ये त्याचं उत्तर टोक ध्रुवताऱ्याच्या दिशेला, डिसेंबरमध्येही तिकडेच. पृथ्वी सूर्याच्या एका अंगाला असते तेव्हा ते टोक सूर्याकडे झुकलेलं ठरतं. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडच्या अंगाला पोचते, तेव्हा तेच टोक सूर्यापासून लांब झुकलेलं ठरतं. आस जागच्या जागी डुलतो असं पुष्कळांना वाटतं, पण वर्षाच्या हिशेबात तो स्थिरच आहे.

या झुकण्याने किती फरक पडतो ते ४० अंश उत्तर अक्षांशावर पाहू. २१ जूनला भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ७३ अंश वर असतो, २१-२२ डिसेंबरला जेमतेम साडेसव्वीस अंश. किरण तिरपे आले की तेवढाच प्रकाश जास्त जमिनीवर पसरतो. नुसत्या या एका कारणाने दुपारचं ऊन निम्म्याहून कमी होतं. शिवाय जूनमध्ये तिथला दिवस १५ तासांचा आणि डिसेंबरमध्ये सव्वानऊ तासांच्या आसपास. दोन्ही मिळून धरलं तर वातावरणाच्या वर दिवसभरात पडणारी ऊर्जा जूनमध्ये डिसेंबरच्या तिपटीच्या घरात जाते. अंतरातल्या फरकाने पडणारा फरक जास्तीत जास्त ७ टक्के, आणि उत्तर गोलार्धात तर तो उलट्या बाजूने काम करतो.

कला आणि ग्रहणांबद्दल प्रतिसादांत बोलू. शंका जरूर विचारा.

---

सहजसुचलं

छान सुरुवात. एक शंका. आस झुकल्यामुळे उत्तर गोलार्ध जूनमध्ये सूर्याच्या "जवळ येतो" आणि म्हणून तापतो, असं मी कित्येकदा ऐकलंय. त्यातही थोडं तथ्य असेलच ना?

---

भूमितीवाला

@सहजसुचलं, आकडा घालून बघा, लगेच निकाल लागतो. अख्ख्या पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. झुकण्याने एखादं ठिकाण सूर्याच्या जवळ येऊन येऊन किती येईल? फार तर काही हजार किलोमीटर. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. दहा हजारांत एक भागही फरक पडत नाही. याउलट कक्षेमुळे वर्षभरात ५० लाख किलोमीटरचा फरक पडतो आणि त्यानेही ऋतू होत नाहीत. झुकण्याचा परिणाम होतो तो किरणांच्या कोनावर आणि दिवसाच्या लांबीवर. "जवळ" हा शब्द ऋतूंच्या चर्चेतून काढूनच टाकावा.

---

अर्धचंद्र

+१. फक्त अंतराचा एक परिणाम आहे, आणि तो मला फार आवडतो. जवळ असताना पृथ्वी जास्त वेगाने धावते. जानेवारीत सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर, जुलैत २९.३. त्यामुळे मार्चच्या संपातापासून (दिवस-रात्र समान असतात तो दिवस) सप्टेंबरच्या संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि तिथून परत मार्चपर्यंत सुमारे १७९. म्हणजे उत्तर गोलार्धाच्या वाट्याला उन्हाळ्याची बाजू आठवडाभर जास्त येते. कॅलेंडर उघडून दिवस मोजून पाहा.

---

नवखा

मग सगळ्यात मोठा दिवस २१ जून, तर सगळ्यात जास्त उकाडा त्याच दिवशी का नसतो?

---

तारांगणी

@नवखा, जमीन आणि पाणी तापायला वेळ लागतो. २१ जूननंतर ऊन हळूहळू कमी होत जातं, तरी पुढचे काही आठवडे येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्तच असते. तोवर तापमान चढत राहतं. समुद्राजवळ हा उशीर जास्त, खंडाच्या आतल्या भागात कमी. दुपारी बाराऐवजी दोन-तीनच्या सुमाराला सगळ्यात जास्त गरम होतं, त्यामागेही हेच कारण.

कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यातलं गणित जरा निराळं आहे. तिथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो (शून्य सावलीचे दिवस ते हेच), आणि ढग नि पाऊस आले की उकाड्याचं वेळापत्रक ते ठरवतात. तिथल्या हवामानाचा नुसत्या आसावरून अंदाज बांधता येत नाही.

---

अर्धचंद्र

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. अंतरावरून ऋतू ठरत नाहीत हे *पृथ्वीपुरतं* खरं आहे. मंगळाचा आस जवळपास आपल्याएवढाच, २५ अंश कललेला आहे, पण त्याच्या कक्षेत सूर्य मध्यापासून बराच बाजूला आहे. सूर्यापासून त्याचं अंतर सुमारे २० कोटी ७० लाख ते २४ कोटी ९० लाख किलोमीटर असं बदलतं. जवळ असताना मंगळाला मिळणारं ऊन लांब असतानापेक्षा ४५ टक्के जास्त असतं. त्यामुळे मंगळाच्या दक्षिण गोलार्धातला उन्हाळा आखूड आणि कडक, उत्तर गोलार्धातला लांब आणि सौम्य. युरेनस तर ९८ अंश कललेला, जवळजवळ आडवा. त्याचं एक वर्ष आपल्या ८४ वर्षांचं, म्हणजे प्रत्येक ध्रुवावर साधारण ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार.

---

ओंजळभर

ऋतू समजले. आता चंद्राकडे या. कोर म्हणजे पृथ्वीची सावली नव्हे हे वाचलंय, पण मन मानत नाही. एका बाजूने काळं झालेलं दिसतं, मग सावली कशी नाही?

---

तारांगणी

@ओंजळभर, दोन गोष्टी करा. पहिलीला काहीही सामान लागत नाही. शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारी तीन-चारला बाहेर जाऊन आकाश बघा. सूर्य पश्चिमेकडे उतरू लागलेला असतो आणि अर्धा चंद्र पूर्वेकडून बराच वर आलेला असतो. दोघे एकाच वेळी आकाशात. पृथ्वीची सावली सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते, म्हणजे त्या वेळी ती पूर्व क्षितिजाच्याही खाली असते. चंद्र सूर्यापासून ९० अंशांवर आहे. तिथे सावली पोचेलच कशी? तरीही चंद्र अर्धाच दिसतो. आणि त्याची उजळ बाजू सूर्याकडे तोंड करून असते, तेही तिथेच उभ्या उभ्या दिसतं.

दुसरी गोष्ट घरात करायची. खोलीत पूर्ण अंधार करा आणि डोक्याच्या उंचीवर एकच दिवा ठेवा, शेड काढून. एक पांढरा चेंडू हातात धरून हात लांब करा. तुमचं डोकं ही पृथ्वी.

दिव्याकडे तोंड करा. चेंडूची तुमच्याकडची बाजू काळी दिसेल. ही अमावास्या. आता चेंडू तसाच समोर धरून डावीकडे हळूहळू वळत जा. आधी उजव्या कडेला बारीक कोर उजळेल. पाव फेरी झाली की उजवी अर्धी बाजू उजळलेली असेल. आणखी वळलात की फुगीर, अर्ध्याहून मोठा भाग. दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण चेंडू उजळला पाहिजे. इथे थांबा. चेंडू डोळ्यांच्या रेषेत धरलात तर तुमच्याच डोक्याची सावली त्याच्यावर पडेल आणि तो काळवंडेल. हात थोडा वर करा, चेंडू लख्ख उजळेल.

हात वर केल्यावर दिसते ती पौर्णिमा, आणि सावली पडली होती ते चंद्रग्रहण. दिव्याने चेंडूचा सदैव अर्धाच भाग उजळलेला होता, त्यातला किती भाग तुमच्या बाजूला आला एवढंच बदलत गेलं. तीच कला. सावलीचा संबंध आला तो फक्त एका जागी, आणि तोही हात ठरावीक उंचीवर असतानाच.

मुलांना दाखवताना प्रत्येकाला स्वतः चेंडू धरायला द्या. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला चेंडू कायम अर्धा उजळलेलाच दिसतो आणि मुद्दा हातून निसटतो.

---

ओंजळभर

आत्ताच करून पाहिलं. हात वर करायची ती जागा! सगळं एकदम उलगडलं. मुलीने तर चेंडू सोडलाच नाही.

---

क्षितिजरेषा

मी दक्षिण गोलार्धात राहते. इथे शुक्ल पक्षात चंद्राची डावी बाजू उजळते. तोच चंद्र, पण आम्ही उत्तरेच्या लोकांच्या मानाने उलटे उभे असतो. विषुववृत्ताजवळ तर संध्याकाळची कोर आडवी, नावेसारखी दिसते. त्यामुळे "उजवीकडून वाढतो" हा नियम सगळीकडे चालत नाही. सगळीकडे चालणारा नियम: उजळ कड सूर्याच्या बाजूला.

आणखी एक. कोर बारीक असताना चंद्राचा उरलेला भागही अंधुक दिसतो ना, तो पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उजेडाने. आपल्याला कोर दिसते तेव्हा चंद्रावरून बघणाऱ्याला पृथ्वी जवळपास पूर्ण उजळलेली दिसत असणार.

---

दुर्बीणधारी

दुर्बीण असेल तर चंद्र पौर्णिमेला बघू नका. ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडतात आणि खोली कळते. या सावल्यांमुळे आणि चंद्राच्या खडबडीत पृष्ठभागामुळे अष्टमीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, साधारण दहावा हिस्साच असतो.

---

नवखा

चंद्र पृथ्वीभोवती २७.३ दिवसांत फिरतो म्हणतात, आणि अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस. दोन्ही आकडे बरोबर कसे?

---

भूमितीवाला

@नवखा, पहिला आकडा ताऱ्यांच्या संदर्भात, दुसरा सूर्याच्या. २७.३ दिवसांत चंद्र ताऱ्यांमध्ये एक फेरी पूर्ण करून जुन्या जागी येतो. पण तेवढ्या काळात पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सुमारे २७ अंश पुढे सरकलेली असते, त्यामुळे आपल्याला सूर्यही ताऱ्यांमध्ये तेवढाच पुढे गेलेला दिसतो. चंद्राला त्याला गाठायचं असतं. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश चालतो, म्हणजे दोन दिवस आणि थोडं जास्त लागतं. झाले २९.५.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, तेही या १३ अंशांमुळेच. अमावास्येला तो सूर्याबरोबर उगवतो, शुक्ल अष्टमीला दुपारी बाराच्या सुमाराला, पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी, कृष्ण अष्टमीला मध्यरात्री.

---

सहजसुचलं

आता ग्रहणांचं मापाचं गणित येऊ दे. हात वर-खाली करण्याचा मुद्दा कळला, पण खरा चंद्र किती वर-खाली असतो?

---

तारांगणी

@सहजसुचलं, याच प्रश्नाची वाट बघत होते. माप घेऊ: १ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर.

पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटरची, एखाद्या लहान गोटीएवढी. चंद्र साडेतीन मिलिमीटरचा मणी. दोघांमधलं अंतर ३८ सेंटिमीटर. (पुस्तकात हे अंतर पृथ्वीच्या दीड-दोन पट दाखवतात, खरं तर ते पृथ्वीच्या व्यासाच्या तीस पट आहे.) सूर्य याच मापात जवळजवळ १ मीटर ४० सेंटिमीटरचा गोळा, १५० मीटर लांब. टेबलावर गोटी आणि मणी खरंच ३८ सेंटिमीटरवर ठेवून बघा. मधली मोकळी जागा पाहून धक्का बसतो.

आता ग्रहण. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली, म्हणजे प्रच्छाया, सुमारे ९ मिलिमीटर रुंद असते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला सुमारे ५ अंशांनी तिरकी आहे. ५ अंश म्हणजे किरकोळ वाटतं, पण ३८ सेंटिमीटर अंतरावर ते ३४ मिलिमीटर होतात. चंद्र त्या पातळीच्या ३४ मिलिमीटर वर जातो आणि ३४ मिलिमीटर खाली. सावलीला नुसतं शिवायचं तरी पौर्णिमेच्या क्षणी तो पातळीपासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत असायला हवा. बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या बराच वरून किंवा खालून निघून जातो.

चंद्राची कक्षा त्या पातळीला दोन ठिकाणी छेदते. हे पातबिंदू, आपले राहू आणि केतू. सूर्य यांपैकी एकाच्या जवळपास असताना अमावास्या-पौर्णिमा आली तरच ग्रहण. ही संधी सुमारे १७३ दिवसांनी येते आणि महिनाभर टिकते. त्या महिन्याभरात निदान एक सूर्यग्रहण होतंच, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे पंधरवड्याने चंद्रग्रहण, कधी ठळक तर कधी नुसतं छायाकल्प (चंद्र फक्त विरळ सावलीतून जातो ते). ग्रहणं जोडीने येतात ती यामुळे.

---

अर्धचंद्र

यात भर. पातबिंदू स्वतःही मागे सरकत असतात, १८.६ वर्षांत एक फेरी. त्यामुळे ग्रहणांचा हंगाम दर वर्षी साधारण १९ दिवस आधी येतो. २०२५ मध्ये ग्रहणं मार्च आणि सप्टेंबरमध्ये (१४ आणि २९ मार्च, ७ आणि २१ सप्टेंबर). २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, ३ मार्च, १२ ऑगस्ट आणि २८ ऑगस्ट. २०२८ मध्ये पाहिलं तर १२ आणि २६ जानेवारी, ६ आणि २२ जुलै. आणि हंगाम इतका मागे आला की त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला तिसऱ्या हंगामातलं खग्रास चंद्रग्रहणही बसतं. तारखा ओळीने लिहून काढल्या की पातबिंदूंचं सरकणं नुसत्या कॅलेंडरवर दिसतं.

---

ओंजळभर

सूर्यग्रहण दुर्मीळ आणि चंद्रग्रहण वरचेवर, असं का?

---

भूमितीवाला

@ओंजळभर, अख्ख्या पृथ्वीचा हिशेब केला तर उलट आहे. तारांगणीच्या मापातच बघा. प्रच्छायेत शिरायला चंद्र ६ मिलिमीटरच्या आत हवा. सूर्यग्रहणासाठी चंद्राच्या सावलीने, अगदी विरळ सावलीनेसुद्धा, पृथ्वीला कुठेतरी शिवलं की झालं. त्याला १० मिलिमीटरपर्यंत सूट आहे. म्हणून छायाकल्प ग्रहणं सोडली तर सूर्यग्रहणंच जास्त होतात, वर्षाला किमान २ आणि जास्तीत जास्त ५. १९३५ मध्ये पाच झाली होती.

फरक पडतो तो दिसण्यात. चंद्रग्रहणात सावली चंद्रावर पडते, त्यामुळे जिथे जिथे चंद्र क्षितिजाच्या वर आहे तिथे सगळीकडे ते दिसतं, म्हणजे अर्ध्या पृथ्वीवर. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा मात्र शे-दोनशे किलोमीटर रुंद. एका ठरावीक जागी खग्रास सूर्यग्रहण सरासरी ३७५ वर्षांतून एकदा येतं.

---

दुर्बीणधारी

आणि ते खग्रास होतं हेच नवल! सूर्याचा व्यास चंद्राच्या ४०० पट आणि अंतरही जवळपास ४०० पट, म्हणून दोघांची बिंबं सारखी, अर्ध्या अंशाची दिसतात. पण जेमतेम. चंद्राच्या गडद सावलीची सरासरी लांबी सुमारे ३ लाख ७४ हजार किलोमीटर, आणि चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार. म्हणजे सरासरी परिस्थितीत सावलीचं टोक पृथ्वीपर्यंत पोचतच नाही. चंद्र उपभू बिंदूजवळ (कक्षेतला पृथ्वीला सगळ्यात जवळचा बिंदू) असेल तर पोचतं आणि ग्रहण खग्रास होतं, अपभूजवळ (सगळ्यात लांबचा) असेल तर कंकणाकृती. २० एप्रिल २०२३ च्या ग्रहणात एकाच पट्ट्यात दोन्ही झालं, कारण पृथ्वीच्या गोलाईमुळे पट्ट्याचा मधला भाग चंद्राला जास्त जवळ होता.

बघणाऱ्यांसाठी: ग्रहणासाठीच बनवलेला प्रमाणित चष्मा वापरा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, यांतलं काहीही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला इजा होताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही. चंद्रग्रहण मात्र नुसत्या डोळ्यांनी खुशाल बघा.

---

क्षितिजरेषा

चंद्रग्रहणात चंद्र तांबडा का होतो, हे कुणी लिहिलं नाही अजून. पृथ्वीच्या कडेच्या वातावरणातून जाणारा प्रकाश वाकून सावलीत शिरतो. वाटेत निळा भाग विखुरला जातो, तांबूस उरतो. म्हणजे त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्या ठिकाणांचा उजेड एकत्र चंद्रावर पडलेला असतो. त्यामुळे हवेची अवस्थाही त्यात दिसते. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आणि ९ डिसेंबर १९९२ च्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र फारच काळपट दिसला होता, कारण वरच्या हवेत उद्रेकातले कण अजून तरंगत होते.

चंद्रावर सरकणारी सावलीची कड नेहमी गोल असते, हे ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून सांगितलं होतं. ग्रीक खगोलज्ञ ॲरिस्टार्कसने त्याच सावलीवरून चंद्राच्या आकाराचा अंदाज बांधला. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, असं स्वच्छ मांडलं. दुर्बिणीच्या अकराशे वर्षं आधी! याचं मला अतोनात कौतुक वाटतं.

---

नवखा

ग्रहणं दर १८ वर्षांनी परत येतात असं वाचलंय. मग तेच ग्रहण त्याच जागी का दिसत नाही?

---

अर्धचंद्र

@नवखा, तुम्ही म्हणताय ते सारोस चक्र. २२३ चांद्रमास झाले की सूर्य, चंद्र, पातबिंदू आणि चंद्राचं अंतर, हे सगळं जवळजवळ पुन्हा तसंच जुळून येतं. हा काळ १८ वर्षं, १० किंवा ११ दिवस (मधल्या लीप वर्षांप्रमाणे) आणि वर ८ तास. खोच त्या ८ तासांत आहे. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फेरी जास्त फिरते, म्हणून पुढचं ग्रहण साधारण तितकं पश्चिमेला सरकतं. ११ ऑगस्ट १९९९ चं खग्रास युरोपातून पश्चिम आशियामार्गे भारतापर्यंत आलं. त्याचंच पुढचं भावंड २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेवरून गेलं. त्यापुढचं २ सप्टेंबर २०३५ ला चीन, कोरिया, जपानवरून जाईल. तीन चक्रांनी, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभराने, ग्रहण साधारण त्याच रेखांशावर येतं, पण तोवर उत्तर-दक्षिण सरकलेलं असतं.

---

सहजसुचलं

शेवटचा प्रश्न. हिवाळ्यातली पौर्णिमा खूप उंचावरून जाते आणि उन्हाळ्यातली खालून, असं मला वाटतं. हा भास आहे की खरंच?

---

तारांगणी

@सहजसुचलं, अगदी खरं आहे. कर्कवृत्ताच्या उत्तरेला तर फारच ठळक दिसतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला खाली गेलेला असतो, म्हणून पूर्ण चंद्र उत्तरेला, जवळपास जूनच्या सूर्याच्या वाटेने जातो. जूनमध्ये याच्या उलट. म्हणजे आसाचा २३.४ अंशांचा कल पौर्णिमेच्या चंद्रातही दिसतो.

त्यावर चंद्राच्या कक्षेचे ते ५ अंश येतात. पातबिंदू १८.६ वर्षांत फिरतात, त्यामुळे हे ५ अंश कधी आसाच्या कलात मिळवले जातात तर कधी वजा होतात. २०२४-२५ मध्ये ते मिळवण्याच्या बाजूला होते, तेव्हा चंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमक्या वरची आकाशातली रेषा) साडेअठ्ठावीस अंश उत्तरेपर्यंत आणि तितकाच दक्षिणेपर्यंत जात होता. २०३४ च्या सुमाराला ही मजल साडेअठरा अंशांवर येईल आणि २०४३ च्या आसपास पुन्हा साडेअठ्ठावीसवर जाईल. डिसेंबरच्या पौर्णिमेला चंद्र माथ्यावर आला की त्याची उंची एखाद्या इमारतीच्या किंवा खांबाच्या खुणेवर टिपून ठेवा आणि जूनमध्ये त्याच जागी उभं राहून पुन्हा बघा. फरक मोजायला उपकरण लागत नाही.